अप्पांच्या आवाजातला करार

अप्पा जे काही बोलत ते खरे वाटे. पुढे जो घोटाळा झाला त्याचे मूळ एवढेच.

सगळी नोकरी त्यांनी बसस्थानकावर माईकसमोर काढली होती. गाडी दोन तास उशिरा येणार असल्याचे ते अशा काही आवाजात सांगत की फलाटावरची माणसे चिडायची सोडून समाधानाने पुन्हा आपापल्या सामानावर बसत. एकदा गाडी रद्द झाल्याची घोषणा ऐकून एक गृहस्थ खिडकीशी येऊन अप्पांचे आभार मानून गेले होते. आपल्याला खरे तर तिकिटाचे पैसे परत मागायचे होते हे त्यांना घरी पोचल्यावर आठवले असावे.

निवृत्तीनंतर हा आवाज घरात मावेना. "टॉवेल कुठे आहे?" असे न्हाणीघरातून विचारले की वरच्या मजल्यावरचे लोक टॉवेल शोधू लागत. शेवटी मुलीने एक एजन्सी हुडकून काढली. फोनवर, लिफ्टमध्ये, पार्किंगच्या फाटकाशी आपल्याला सूचना देणारी जी न दिसणारी माणसे असतात, ती ही एजन्सी पुरवत असे. नोकरी नव्हती. जेवढे काम तेवढे मानधन, आणि काम करणारा 'स्वतंत्र कलाकार'. या दोन शब्दांवर अप्पा इतके खूश झाले की त्यांनी ते दारावरच्या पाटीवर घालता येतील का याची चौकशी केली. पाटीवाल्याने अक्षरामागे दर सांगितला, तेव्हा स्वातंत्र्य मनातच ठेवायचे ठरले.

अप्पांना पैशाची हाव नव्हती. गरज मात्र एक होती, आणि ती त्यांच्या बायकोच्या डाव्या कानात होती. तिला त्या कानाने कमी ऐकू येई. तिला हे मान्य नव्हते.

"मला सगळं ऐकू येतं," ती म्हणे. "ऐकण्यासारखं असलं की येतं."

ज्याचे अख्खे बसस्थानक ऐकत आले त्याचे घरातल्या एका माणसाने ऐकू नये, हे अप्पांच्या मनाला लागले होते. कानाच्या मशिनांचे एक दुकान होते. त्या दुकानदाराने ओळखीवर एक मशीन पुढच्या महिनाअखेरपर्यंत वापरून बघायला दिले. आवडले तर पैसे, नाही तर मशीन परत. बायकोने ते डबीतून बाहेरच काढले नाही. पैसे दिल्याशिवाय वस्तू आपली होत नाही, आणि आपली नसलेली वस्तू कानात घालायची नाही, असा तिचा नियम. अप्पांनी तिथल्या तिथे जाहीर केले की या मशिनाचे पैसे पेन्शनमधून जाणार नाहीत, आवाजाच्या कमाईतून जातील. जाहीर केले म्हणजे शेजारच्यांनाही कळले.

एजन्सीच्या व्यवस्थापकाने फोनवर दर सांगितला तो मिनिटाला होता. तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या दर मिनिटाला अमुक. हिशेब करता कान महिन्याभरात सुटत होता. आता उरला करार.

आणि इथे त्या एजन्सीची एक खास पद्धत आड आली. करारावर सही करायची नसे. करार मोठ्याने वाचून, त्याचे मुद्रण करून पाठवायचे. 'मला या सर्व अटी मान्य आहेत' हे शेवटचे वाक्य आवाजात आले की झाली सही. शिवाय त्यातच कलाकाराच्या आवाजाचा नमुनाही मिळे. एका दगडात एजन्सीचे दोन पक्षी, असे मुलगी म्हणाली. अप्पांना पक्ष्यांत रस नव्हता. ते मिठाच्या गुळण्या करायला निघून गेले होते.

दोन दिवस घरात थंड पाणी बंद झाले. मुद्रणासाठी शांत जागा हवी म्हणून झोपायच्या खोलीतले मोठे कपाट रिकामे करण्यात आले, त्यात चारी बाजूंनी जाड पांघरुणे टांगली, आणि मधे एका स्टुलावर अप्पा बसले. हातात करार, तोंडासमोर मुलीचा फोन, कपाळावर बॅटरीचा दिवा. कपाटाबाहेर श्रोतृवर्ग होता: बायको, मुलगी आणि शेजारचे वकील. हे वकील म्हणजे वकील नव्हेत. न्यायालयात टंकलेखक होते. पण इतक्या माणसांच्या शिक्षा त्यांनी स्वतःच्या हाताने टाईप केल्या होत्या की लोक त्यांना सल्ला विचारत, आणि न विचारल्यास ते स्वतःहून देत.

अप्पांनी करार वाचला. काय वाचला म्हणून सांगावे! 'उभय पक्ष' म्हणताना दोन्ही पक्ष डोळ्यांसमोर उभे राहिले. 'करार संपुष्टात आल्यास' या कलमाला वकिलांनी चष्मा काढून पुसला. सातवे कलम मानधनाचे होते. तिथे अप्पांनी एक छोटासा विराम घेतला, आवाज अर्धी पायरी वर नेला, आणि दर सांगून 'प्रति तास' हे शब्द असे सोडले की पांघरुणेसुद्धा हलल्यासारखी वाटली. शेवटी 'मला या सर्व अटी मान्य आहेत' झाले आणि कपाटाचे दार उघडून घामाने निथळलेले अप्पा बाहेर आले. वकिलांनी टाळ्या वाजवल्या.

"सगळं ऐकू आलं का गं?" अप्पांनी बायकोला विचारले.

"छान होतं," ती म्हणाली. "गाडी कोणती होती?"

महिना बरा गेला. अप्पांनी एका दातांच्या दवाखान्याला, एका बहुमजली पार्किंगला, दोन लिफ्टना आणि खुद्द एजन्सीच्या फोनला आवाज दिला. मग पहिले मानधन जमा झाले. ते बघून अप्पांनी आधी चष्मा पुसला, मग फोनची काच पुसली. त्या रकमेत एका माणसाचा चहा झाला असता. बसून नव्हे, उभ्याने.

मुलीने कराराचा कागद काढला आणि सातव्या कलमावर बोट ठेवले. मिनिटाच्या जागी तास होता. अप्पांची महिन्याभराची सगळी वाक्ये एकापुढे एक लावली तरी ती काही मिनिटांत संपत होती. सूचना देणाऱ्याने थोडक्यात बोलावे हाच तर त्या कलेचा मोठेपणा.

"अप्पा, हे तुम्ही स्वतः वाचलंत ना?"

"वाचलं."

"मग?"

"वाचलं," अप्पा पुन्हा म्हणाले, पण या वेळी बऱ्याच खालच्या पट्टीत. "ऐकलं कुठे?"

वकिलांना बोलवावे लागले नाही. ते आलेलेच होते.

"कागदावर सही असती तर लढलो असतो," ते म्हणाले. "ही सही माझी नव्हे, एवढं म्हटलं की काही वर्षं सहज निघतात. पण हा आवाज तुमचा नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार? सांगायला तोंड उघडलंत की पकडले जाल."

"मग करायचं काय?"

वकिलांनी विचार केला. "तासाला पैसे आहेत ना? मग तास भरा."

सल्ला वाईट होता, पण त्याला एक कायदेशीर वास होता. पुढचे काम एका नव्या इमारतीच्या लिफ्टचे आले. 'दरवाजा बंद होत आहे' एवढेच वाक्य. अप्पा कपाटात शिरले आणि त्यांनी ते वाक्य असे सावकाश म्हटले, शब्दाशब्दाला अशी विश्रांती घेतली, की बाहेर बायकोचा एक मोजा विणून व्हायला आला. एजन्सीत कोणी ते तपासले नसावे. लिफ्टमध्ये ते तसेच बसले. आठवड्याने तक्रार आली. 'बंद होत आहे' हे शब्द येईपर्यंत दरवाजा वरच्या मजल्यावर उघडलेला असे. एक वयस्कर बाई तीन वेळा वरखाली जाऊन आल्या, कारण माणूस बोलत असताना मधेच उठून जाणे त्यांना बरे वाटेना. एजन्सीने काम परत पाठवले आणि दुसऱ्यांदा विनामूल्य करायला सांगितले. तेव्हा अप्पांनी ठरवले की सरळ फोन करून चूक सांगायची. आपण काही भीक मागत नाही.

त्यांनी फोन लावला. दोन घंटा वाजल्या, आणि पलीकडून एक भारदस्त, आश्वासक आवाज आला.

"नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

अप्पा सरळ होऊन बसले. असा आवाज थांबा म्हणतो तेव्हा माणूस थांबतो. बराच वेळ संगीत वाजत राहिले. मधेमधे तो आवाज येऊन धीर देऊन जाई.

"कोणाशी बोलताय?" बायकोने विचारले.

"माझ्याशीच."

"मग उत्तर का देत नाही?"

"थांबायला सांगितलंय."

दुपार अशी गेली. दुसऱ्या दिवशी मुलीच्या सांगण्यावरून त्यांनी मानधनाच्या तक्रारीसाठी तीनचा आकडा दाबला. तिथेही तेच होते. 'आपली तक्रार नोंदवून घेण्यात आमचे प्रतिनिधी गुंतलेले आहेत,' असे ते स्वतःला इतक्या खात्रीने सांगत होते की अप्पांना त्या प्रतिनिधींची काळजी वाटू लागली. अखेर एजन्सीतली एक मुलगी फोनवर आली.

"सर, तुमच्या करारात तासच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकवू का?"

आणि तिने तो लावला. अप्पांनी स्वतःचे सातवे कलम ऐकले. तो विराम, ती अर्धी पायरी, तो 'प्रति तास'. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा शांत झाला होता.

"काय म्हणाले?" मुलीने विचारले.

"अगं, तासच बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "तो माणूस इतकं स्पष्ट सांगतोय म्हणजे उगाच सांगणार नाही."

मुलगी आत गेली, टेबलावरची मशिनाची डबी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. महिना संपत आला होता. दुकानदाराचा दोनदा निरोप येऊन गेला होता. अप्पा डबीकडे बघत राहिले. मग त्यांनी तिसऱ्यांदा फोन लावला.

"नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी—"

"पुरे," अप्पा त्या आवाजाला म्हणाले. स्वतःचे बोलणे मधेच तोडायची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. त्यांनी फोन ठेवला, बूट घातले आणि मुलीला घेऊन एजन्सीत गेले.

एजन्सी टायरच्या दुकानावर होती. लिफ्टमध्ये शिरताच अप्पांनी अप्पांना दरवाजा बंद होत असल्याचे सांगितले. वर एका अरुंद खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि त्यांवर काही माणसे अगदी गप्प बसली होती. घशाची काळजी घेणारी माणसे अशीच बसतात. अप्पा चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन आतल्या मुलीला म्हणाले, "नमस्कार, मला व्यवस्थापकांना भेटायचं आहे."

सगळ्या खुर्च्या वळल्या.

"म्हणजे ते तुम्ही," कोपऱ्यातून एक आवाज आला. आवाज सहा वर्षांच्या मुलाचा होता. तो एका पन्नाशीच्या बाईंच्या तोंडून येत होता. खेळण्यांच्या जाहिराती त्या करत.

हळूहळू उलगडा झाला. अप्पांचे करारवाचन एजन्सीला इतके आवडले होते की करार कसा वाचावा याचा नमुना म्हणून ते सगळ्या कलाकारांना पाठवण्यात आले होते. कागद उघडायची तसदी कोणी घेतली नव्हती. अप्पांचे ऐकून प्रत्येकाने तसेच म्हटले होते. सातव्या कलमापाशी प्रत्येकाने एक छोटासा विराम घेतला होता, आवाज अर्धी पायरी वर नेला होता, आणि आता प्रत्येकाच्या खात्यात उभ्याने प्यायचा एक चहा जमा झाला होता.

"तुमचं ऐकून वाटलं, असेल बुवा तासाला," धोक्याच्या सूचना देणारे एक गृहस्थ म्हणाले. त्यांचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा होता. "मी तर बायकोलाही तसंच सांगितलं. ती अजून हसतेय."

अप्पांचे कान लाल झाले. ज्या माणसाच्या सांगण्यावर लोक रद्द झालेल्या गाडीचे आभार मानत, त्याला आज भिंतीला लागून बसलेली माणसे फसवा म्हणत होती, आणि तेही अत्यंत सुस्पष्ट उच्चारांत.

व्यवस्थापक सज्जन निघाला. त्याने कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. स्टुडिओ भाड्याने देण्याच्या करारातून ते कलम उचलले होते. तिथला तास इकडे तसाच राहून गेला होता.

"पण तुम्हीही वाचलं नाहीत?" मुलीने विचारले.

"ऐकलं की. मी गाडीत लावतो तो. फार छान वाटतं," व्यवस्थापक ओशाळून म्हणाला.

दुरुस्ती व्हायला हरकत नव्हती. फक्त पद्धत होती. दुरुस्तीपत्र निघणार, ते आधी अप्पांनी त्याच आवाजात वाचून पाठवायचे, मग त्या नमुन्यावरून बाकीच्यांनी. मसुदा तिथेच छापून हातात आला. त्यात लिहिले होते, 'वाचकाच्या चुकीमुळे प्रति तास असे नमूद झाले.'

"वाचकाच्या?" अप्पा म्हणाले.

"मुख्य कचेरीच्या कागदात चुकीसाठी एकच रकाना आहे. कलाकाराकडून झालेली. आमच्याकडून झालेलीला रकानाच नाही."

"माझ्या सबंध नोकरीत," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा फाटला, "मी एकही गाडी चुकीच्या फलाटावर लावलेली नाही. हे मी वाचणार नाही."

ते उठले. दारात जमिनीखालचे गृहस्थ उभे होते. त्यांनी मुलीकडून फोन नंबर मागून घेतला. "चूक तुम्ही पसरवलीत," ते अप्पांना म्हणाले, "आता दुरुस्तीही तुम्हीच पसरवा."

अप्पा घरी आले. बायकोला त्यांनी सांगितले की मशीन परत द्यावे लागेल, अब्रूचा प्रश्न आहे.

"द्या की," ती म्हणाली. "मी कुठे मागितलं होतं."

ती हे इतक्या सहज म्हणाली की अप्पांना अब्रू एकाएकी फार महाग वाटू लागली. ते पांघरुणे सारून कपाटात शिरले. दुरुस्तीपत्र वाचले. सुरेख वाचले.

मुलीने दार उघडले. "अप्पा, आत्ता काय वाचलंत?"

"दुरुस्तीपत्र."

"त्यात काय आहे?"

अप्पांनी आठवून पाहिले. त्यांना विराम आठवत होते. त्यांनी पुन्हा वाचले, पहिल्याहून सुरेख. मुलीने पुन्हा तेच विचारले, आणि अप्पांना पुन्हा सांगता येईना. मग तिने त्यांना हाताला धरून कपाटाबाहेर काढले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवले, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "आता बोट ठेवून वाचा. एकेक शब्द. कळला की पुढचा."

"पहिलीतल्या मुलासारखं?"

"पहिलीतल्या मुलाला कळतं तरी."

अप्पांनी बोट ठेवले. ते अडखळले. 'तत्सम' म्हणजे काय ते त्यांनी मुलीला विचारले. मधे ठसका लागला. "थांब, चष्मा कुठे ठेवला मी?" म्हणून ते टेबल चाचपू लागले. बायको चहाचा कप घेऊन आली आणि "गार होईल हं" म्हणून गेली. फोन हे सगळे निमूटपणे टिपत होता. आणि खालून दुसऱ्या ओळीवर अप्पांचे बोट थांबले.

"हे बघ. 'सदर दुरुस्ती पुढील वर्षारंभापासून लागू राहील.' पुढच्या वर्षापासून? मग या वर्षी काय तासच?"

"दोनदा वाचलंत तुम्ही हे मगाशी," मुलगी म्हणाली.

अप्पांनी पेन मागितले. वर्षारंभ खोडून 'पहिल्या दिवसापासून' लिहिले. मग वर जाऊन 'वाचकाच्या चुकीमुळे' यावर पेन टेकवून ते बराच वेळ बसले. शेवटी तेही खोडले आणि मोठ्याने, बोट ठेवून, स्वतः लिहीत असलेले वाचत गेले: "लिहिणाऱ्याने... चुकीचं लिहिलं. वाचणाऱ्याने ते... तसंच वाचलं. दोघांपैकी... ऐकलं कोणीच नाही. दर मिनिटाला आहे. मला हे मान्य आहे." मग एक ठसका. मग, "झालं का गं?"

मुलगी ते साफसूफ करणार होती. पण तिने धोक्याच्या गृहस्थांना मजकूर कळावा म्हणून ते तसेच पाठवले, आणि त्यांच्याकडून ते सगळ्या कलाकारांकडे गेले. दोन दिवसांनी अप्पा आणि मुलगी एजन्सीत पोचले तेव्हा व्यवस्थापक कानाला हेडफोन लावून बसला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे आमच्या मसुद्यात नाही," तो म्हणाला.

"पण आम्ही सगळ्यांनी असंच वाचून पाठवलंय," पन्नाशीच्या बाई आपल्या सहा वर्षांच्या आवाजात म्हणाल्या. "नमुन्याबरहुकूम."

ते खरे होते. एजन्सीच्या सगळ्या कलाकारांची दुरुस्तीपत्रे येऊन पडली होती. प्रत्येकाने तीच वाक्ये तशीच अडखळत म्हटली होती, ठरल्या जागी प्रत्येकाने आपापला ठसका घातला होता, आणि प्रत्येकाने मधेच थांबून चष्मा कुठे ठेवला असे विचारले होते. धोक्याच्या गृहस्थांनी तर जमिनीखालच्या आवाजात 'गार होईल हं'सुद्धा वगळले नव्हते. मुख्य कचेरीला हे नाकारायचे तर प्रत्येकाकडून पुन्हा वाचून घ्यावे लागले असते, आणि खोलीतल्या खुर्च्या पुन्हा गप्प झाल्या होत्या. व्यवस्थापकाने हेडफोन काढला आणि मान्य केले.

पैसे आले ते महिनाअखेरच्या दुपारी. अप्पा तसेच दुकानात गेले. परत आल्यावर बायकोने पावती नीट वाचली, तारीख पाहिली, आणि मगच डबी उघडली. मशीन कानात बसले तशी ती दचकली. घड्याळ एवढे वाजते हे तिला ठाऊक नव्हते.

"आता ऐक," अप्पा म्हणाले आणि मुलीला त्यांनी मूळ करार लावायला सांगितला. कपाटातला. उभय पक्ष, विराम, अर्धी पायरी. बायकोने मान तिरकी करून थोडे ऐकले.

"हा कोण?"

"अगं, मी."

"हा बसस्टँडवरचा माणूस," ती म्हणाली. "दुसरं काही नाही का?"

मुलीने स्वयंपाकघरातले लावले. ठसका आला, 'तत्सम' आले, टेबल चाचपल्याचा आवाज आला. बायको ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "हे राहू दे. हे पुसू नकोस."

मुलीने पुसले नाही. एजन्सीच्या फोनवर तो भारदस्त आवाज अजून सगळ्यांना प्रतीक्षा करायला सांगतो, आणि लोक थांबतात. घरी तो कोणी लावत नाही. कधी दुपारी बायको कानात मशीन घालून टेबलाशी बसते आणि मुलीला म्हणते, लाव जरा. अप्पा अडखळत येतात, एका शब्दाचा अर्थ विचारतात, ठसकतात, आणि मग विचारतात, "थांब, चष्मा कुठे ठेवला मी?"

"कपाळावर आहे, अहो," ती दर वेळी सांगते.